वेताळ, रावण आणि बिनकाजाचा शर्ट

हॅलोविनचं निमंत्रण आलं ते अमेरिकेतल्या क्लायंटकडून. ३१ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, न्यूयॉर्कच्या सकाळी साडेआठला, म्हणजे आपल्या संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल. त्यांच्यासाठी काम करणाऱ्या सगळ्या टीमनी सोंगं घेऊन यायचं, आणि विषय एकच: डिझाइनच्या धंद्यातली पदं आणि त्यांची टिंगल. ‘सहभाग ऐच्छिक’ अशी शेवटची ओळ होती. क्लायंटच्या मेलमधलं ऐच्छिक किती ऐच्छिक असतं, ते नोकरदार माणसाला सांगायला नको.

आमचा स्टुडिओ सोलापुरात, होटगी रोडला. माणसं मोजकी. सरांनी मेल सगळ्यांना पुढे पाठवला आणि वर लिहिलं, ‘करा काहीतरी. खर्च बेताचा.’ काम माझ्या गळ्यात पडलं, कारण गणपतीत मखर मी केलं होतं. एकदा मखर केलेल्या माणसाची ऑफिसातून सुटका नसते.

आधी अकाउंटवाल्या काकांना हॅलोविन समजावून सांगावं लागलं, कारण पैसे त्यांच्याकडून सुटायचे होते. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा साऊइन नावाचा सण होता, सुगी संपून थंडी लागताना मेलेली माणसं परत येतात अशी समजूत, त्यांना चकवायला सोंगं घ्यायची. आयर्लंडात सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. ती माणसं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “म्हणजे सर्वपित्री. आपण त्यांना वाढतो, ते त्यांना घाबरवतात.” मग दाराकडे बोट दाखवून, “आणि भोपळा आणायचा नाही. कोहळा टांगलाय की.” टांगलेला होताच. सोलापुरात किराणा दुकान असो नाहीतर सॉफ्टवेअरचं ऑफिस, दृष्ट काढायला दारावर कोहळा असतो. सजावटीचा खर्च तिथेच वाचला.

पहिल्या बैठकीत कल्पनांचा पाऊस पडला. एकजण म्हणाला, मी अंगाला तीन आडव्या पट्ट्या बांधून हॅम्बर्गर मेनू होतो, म्हणजे ॲपचा मेनू उघडणारी ती तीन रेघांची खूण. दुसरी म्हणाली, मी फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधला कर्सर होते, स्वतःच्या नावाचा बाण घेऊन प्रत्येकाच्या खांद्यावरून नुसती डोकावत राहते. आमच्या इंटर्नला कॉमिक सॅन्स व्हायचं होतं. व्हिन्सेंट कोनेर यांनी तो फॉन्ट मायक्रोसॉफ्टसाठी १९९४ साली केला आणि तेव्हापासून डिझायनर मंडळी त्याच्यावर खार खाऊन आहेत, तर मला सगळ्यांनी दिवसभर टाळा, हेच माझं सोंग, असं त्याचं म्हणणं. हसून हसून आमचे गाल दुखले. तेवढ्यात मामा चहा घेऊन आले. त्यांना एक-दोन कल्पना सांगून बघितल्या. मामांनी कप मांडले, ट्रे उचलला आणि गेले.

तिथे मला बहुरूपी आठवला. लहानपणी पाच्छा पेठेत आमच्या आळीत पोलिसाचा वेश करून यायचा. दारात उभा राहून वही काढायचा आणि आजीला दरडावायचा, “तुमच्या मांजरीवर तक्रार आहे, चौकीत यावं लागेल!” आजी घाबरायची नाही, पण हसून आठ आणे द्यायची. त्याला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. खाकी दिसली की निम्मं काम झालेलं असायचं, उरलेलं निम्मं तोंडानं. आमच्या पदांना खाकी कुठून आणायची? यूएक्स रिसर्चर, म्हणजे ॲप वापरताना लोकांना काय अडतं ते विचारत फिरणारा, लांबून कसा ओळखायचा? जो लॅपटॉप प्रोग्रॅम लिहिणाऱ्या डेव्हलपरकडे, तोच त्याच्याकडे. पट्टाही तोच, गळ्यातलं कार्डही तेच, टी-शर्टही तसाच सुरकुतलेला.

म्हणून मी नियम केला की मामा हसले पाहिजेत. कॉलवर तिकडची विक्रीवाली आणि हिशेबवाली माणसंही असणार होती. त्यांना फॉन्टचं काय सोयरसुतक?

या नियमाने निम्म्या कल्पना मेल्या, आणि उरलेल्यांचं बरं झालं. पद सोडलं आणि खोड धरली. माणूस काय करतो यापेक्षा तो किती वेळा तेच तेच करतो, यात गंमत असते.

सगळ्यात आधी वेताळ जमला. आमची रिसर्चवाली कायम प्रश्न विचारते. उत्तर मिळालं की समाधानाने मान हलवते आणि ‘अजून थोड्या लोकांशी बोलायला हवं’ म्हणत निघून जाते. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ दुसरं काय करतो? प्रश्न टाकतो, राजानं तोंड उघडलं की पुन्हा झाडावर. विक्रम अर्थातच प्रोजेक्ट मॅनेजर. तो बिचारा प्रत्येक सोमवारी तेच प्रेत खांद्यावर टाकून निघतो आणि शुक्रवारी झाडापाशीच असतो. गप्प बसावं तर क्लायंट विचारतो, बोलावं तर रिसर्चवाली उडून जाते. वेताळाच्या छातीवर लावायला पाटी केली: ‘पाच जणांना विचारलं आहे.’ पाचच का, तर वापरसोयीचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांवर चाचणी घेतली तरी वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. त्या एका वाक्यावर जगभरच्या रिसर्चवाल्यांचं बजेट कापलं गेलंय, आणि आमची ते ऐकलं की चिडते. तीच पाटी तिच्या गळ्यात घातल्यावर ती आधी चिडली, मग म्हणाली, “केस लांब हवेत.” केस फुकटात मिळाले. पूर्व भागातल्या एका मागाच्या कारखान्यातून पांढऱ्या सुताची टाकाऊ गुंतवळ पिशवीभर आणली.

रावणही असाच सुचला. दसरा नुकताच झाला होता. प्रॉडक्ट डिझायनर या पदाखाली हल्ली एकाच माणसाकडून संशोधन, आराखडे, रंग, आयकॉन, मजकूर, ॲनिमेशन, चाचणी, सादरीकरण आणि डेव्हलपरची समजूत काढणं, एवढं सगळं करून घेतात. नऊ झाली. दहावं तोंड त्याचं स्वतःचं, झोपाळू. खाली एकच पगारपत्रक लटकवलं. हे ऐकून मामा थांबले. म्हणाले, “आमच्या मालकाचंबी असंच हाय. चहा मीच करायचा, वाटायचा मीच, उधारी मागायचीबी मीच.” रावण पास.

ग्राफिक डिझायनरची ममी केली. टॉवेलच्या कारखान्यात कापून पडलेल्या किनारी किलोवर मिळतात. त्या पट्ट्यांवर फाइलींची नावं लिहिली: फायनल, फायनल नवीन, फायनल हाच, हाच पाठवा, सरांनी सांगितलेला फायनल. जितकं उलगडावं तितकं जुनं व्हर्जन निघणार, आणि सगळ्यात आत, छातीवर, पहिल्या दिवशीचा लोगो. तोच शेवटी मंजूर झालेला.

यूएक्स रायटरला, म्हणजे ॲपमधला मजकूर लिहिणारीला, भूत व्हायचं होतं. जिथे तिने मजकूर लिहायचा तिथे आधीच कोणीतरी लोरेम इप्सम, म्हणजे जागा भरायचा निरर्थक मजकूर, टाकून ठेवलेलं असतं, आणि बरेचदा ते तसंच लाइव्ह जातं. हा लॅटिन मजकूर म्हणजे सिसेरो या रोमन वक्त्याच्या इ.स.पू. ४५ मधल्या लिखाणाची मोडतोड, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस तिची जागा अडवून बसलाय. भुताला पांढरी चादर लागते. सोलापुरात घरोघरी चादरी, पण पांढरी काढून दाखवा. तिच्या घरी निघाली ती लाल-हिरवी, दोन्ही टोकांना मोर असलेली, जीआय मानांकनवाली जाडजूड सोलापुरी. डोळ्यांसाठी भोकं पाडायची म्हटल्यावर तिच्या आईने चादर ओढून घेतली. शेवटी भूत चादर घुंगटासारखी धरून बसलं. आमचं भूत थोडं उबदार होतं, एवढंच.

उरला यूआय डिझायनर, म्हणजे पडद्यावर दिसणारी बटणं-रंग आखणारी मी, आणि डिझाइन सिस्टिम, म्हणजे अंतरं, रंग, आकार यांचे ठरलेले नियम, सांभाळणारा आमचा शिस्तप्रिय सहकारी. या दोघांसाठी शिंपी लागणार होता.

सोलापुरात गणवेशांचा धंदा मोठा. शाळांचे, कंपन्यांचे, दवाखान्यांचे, इथून देशभर जातात. त्यातल्याच एका छोट्या कारखान्यात अण्णा आहेत. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, कारागिरावर ओरडायचं तर कानडी. आधी मी त्यांना डिझाइन सिस्टिमचं सांगितलं. म्हटलं, खाकी शर्ट हवा, खांद्यावर फीत. पोलीसच, पण पिक्सेलचा. सात पिक्सेलचं अंतर ठेवलं की पावती फाडतो, आठच्या पटीतच चाला म्हणतो.

“खाकी शिवत नाही ताई,” अण्णा म्हणाले. “पोलिसाचा ड्रेस पोलिसालाच. उगं लफडं.” टेप गळ्यात अडकवून त्यांनी विचारलं, “हा माणूस काय करतो म्हणालात? सगळ्यांना सारख्या अंतरावर उभं करतो?”

“हो.”

“कोण वाकडा उभारला तर ओरडतो?”

“हो.”

“मग पीटीचे सर करा की. पांढरी पँट, पांढरा बनियन, गळ्यात शिट्टी. माझ्याकडं साईज तयार आहे.” आणि अण्णांनी जागेवर उभं राहून हात पुढे केला, “एका हाताचं अंतर... घे!”

मी बघतच राहिले. आम्ही बैठकांमागून बैठका घेतल्या आणि यांनी कात्री खाली न ठेवता काम केलं. महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कोणालाही हे कळणार होतं. नखं तपासणं, केस वाढलेत म्हणून रांगेबाहेर काढणं, हे सगळं आपोआप आलं. कोपऱ्यांची गोलाई जास्त दिसली की ‘केस कापून ये’.

माझ्या शर्टाला मात्र त्यांनी हरकत घेतली. मला पुढून एकदम झकास शर्ट हवा होता, कडक कॉलर, रंगीत बटणांच्या रांगा, आणि पाठ नकोच. पाठीच्या जागी नुसत्या नाड्या आणि एक चिठ्ठी, ‘इथलं डेव्हलपर बघेल.’ पाठ नसलेला शर्ट म्हणजे ॲप्रन, तो दवाखान्यासाठी शिवतो, असं म्हणून अण्णांनी तेवढं मान्य केलं. पण मी म्हटलं, “बटणं खूप लावा, काज एकही नको.”

“काज नको?”

“नको.”

“मग बटन लावायचं कशाला?”

“दिसायला. दाबलं तर काही होणार नाही. प्रोटोटाइप आहे अण्णा, नुसता दाखवायचा नमुना.”

अण्णांनी चष्मा वर केला. “आणि असल्याला गिऱ्हाइक पैसे देतं?”

देतं म्हटलं. त्यांनी कारागिराला हाक मारून हे कानडीत सांगितलं. सगळं कळलं नाही, पण दोघं बराच वेळ हसले.

मापं चालू असताना माझ्या पिशवीतला चौकोनी जाळीचा प्रिंट बाहेर आला. एक आयकॉन मोठा करून काढला होता, पिक्सेल न् पिक्सेल दिसेल असा. अण्णांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. शिलाईत येण्याआधी ते चादरीच्या कारखान्यात पंचिंगला होते. तिथे मोर असाच चौकटीच्या कागदावर रंगवायचे, एकेक चौकोन भरत. त्याला ग्राफ म्हणायचे. मग ग्राफच्या ओळीवरून पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडायची. एका पट्टीला आडवा एक धागा, भोक असेल तिथला उभा धागा उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. अशा पट्ट्या ओवून त्यांची माळ मागावर चढवायची. फ्रान्समधल्या लियोंच्या जॅकार्डने १८०४ च्या सुमाराला बसवलेली ही युक्ती, आणि पुढे हीच भोकं संगणकाच्या कार्डांपर्यंत गेली. “एक भोक चुकलं,” अण्णा म्हणाले, “की मोराची चोच तुटायची. एका चादरीवर नाही, प्रत्येक चादरीवर.”

मी विचारलं, ग्राफ काढणाऱ्याचं पद काय होतं?

“पद कसलं? डिझाइनवाला.”

डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन १९९३ मध्ये ॲपलमध्ये गेले तेव्हा त्यांनी आपल्या पदात ‘यूजर एक्सपीरियन्स’ हे शब्द घालून घेतले, तिथून ही नावांची वेल वाढली. आज आमच्या मूठभर लोकांत एकाचं पद दुसऱ्याला लागत नाही. मी अण्णांना सगळी पदं म्हणून दाखवली. प्रत्येकानंतर ते विचारायचे, “आणि मग मोर कोण काढतो?” हा प्रश्न मी सरांना सांगितला नाही, कारण मोर काढणारी जागा आमच्याकडे तेव्हा रिकामी होती आणि त्यासाठी माणूस मिळत नव्हता.

शर्टावरची चिठ्ठी मी हलक्या राखाडी अक्षरात छापली होती, आमच्या आवडीच्या त्या सुबक, न दिसणाऱ्या राखाडीत. काकांनी चष्मा लावून, चष्मा काढून, खिडकीपाशी नेऊन बघितली. “कोरी आहे.” वाचता येण्यासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक एवढा फरक हवा, असा वेबच्या सुगम्यतेचा नियम आहे आणि तो आमच्या भिंतीवर चिकटवलेला आहे, तोही राखाडीतच. मग मी चिठ्ठी बदलली नाही. तीच शर्टाच्या पुढच्या बाजूला लावली आणि शेजारी दुर्बीण टांगली. हा विनोद काकांनी पुरवलेला, म्हणून श्रेय त्यांचं.

फ्रीलान्सरचं, म्हणजे नोकरी न करता सुटी कामं घेणाऱ्याचं, सोंग कोणी घ्यायचं यावर वाद झाला. कोणी तयारच होईना. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे काकांनीच म्हटलं. इंटर्नला बळेच उभं केलं: साधे कपडे, हातात बिल, आणि बिलाच्या टोकाला स्मरणपत्रांची लांबलचक शेपटी. कॉमिक सॅन्सची हौस त्याने बिलावर भागवून घेतली.

प्रत्यक्ष दिवशी ऑफिस दुपारी तीनपासूनच कामातून गेलं. कार्तिकी एकादशी दोन दिवसांवर होती, पंढरपूरच्या गाड्या भरून चाललेल्या, आणि रावणाची पुठ्ठ्याची तोंडं घेऊन आमचा प्रॉडक्ट डिझायनर रिक्षात मावेना. रिक्षावाला म्हणाला, “दसरा झाला की बे.” शेवटी चार तोंडं डावीकडून आणि चार उजवीकडून बाहेर काढून तो सात रस्त्यावरून आला. नववं मांडीवर.

कॉलवर जे झालं त्याची तयारी कोणीच केली नव्हती. ऑफिसातला पसारा दिसू नये म्हणून सरांनी पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय चालू ठेवली होती. त्या सॉफ्टवेअरला माणूस म्हणजे एक चेहरा, एक धड. त्याने रावणाची नऊच्या नऊ तोंडं मागची भिंत समजून पुसून टाकली. पडद्यावर उरलं ते झोपाळू तोंड आणि खाली पगारपत्रक. तिकडच्या प्रॉडक्ट डिझायनर बाई एवढ्या हसल्या की त्यांना माइक बंद करावा लागला. त्यांना वाटलं तेच सोंग आहे, कामं सगळी अदृश्य आणि पगार तेवढा दिसतो. आम्ही खुलासा केला नाही.

वेताळाचं मात्र समजावून सांगावं लागलं, आणि समजावलेला विनोद व्हायचा तोच झाला. विक्रमाने वेताळाला खरोखर पाठीवर घेतलं होतं, आणि रिसर्चवालीने एकेका अमेरिकन माणसाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते उत्तरं द्यायला लागले, सविस्तर. ती खरंच टिपून घ्यायला लागली. प्रोजेक्ट मॅनेजरच्या गुडघ्यांचा विचार कोणीच केला नाही. पीटीच्या सरांनी शिट्टी वाजवून सगळ्यांच्या चौकटी सारख्या अंतरावर आहेत का ते तपासलं. तिकडून कोणीतरी उठून ताठ उभं राहिलं, त्यामुळे शाळा सगळीकडे सारखीच असावी. माझ्या शर्टाला पाठ नाही हे कॉल संपेपर्यंत कोणालाही कळलं नाही. मी वळलेच नाही. क्लायंटच्या डिझाइन प्रमुखांनी, काळा टर्टलनेक आणि गळ्यात ‘अजून थोडं वेगळं’ अशी पाटी, शर्टाची तारीफ केली आणि बटणं कुठून आणली ते विचारलं.

बक्षीस तिकडच्याच एका टीमला गेलं. त्यांच्यातला एकजण आलाच नव्हता. त्याच्या जागी ‘मीटिंगमध्ये आहे’ एवढी पाटी होती. तो डिझाइन मॅनेजर. मामाही हसले असते.

सोमवारी अण्णांचं बिल घेऊन काकांकडे गेले. बिलावर अण्णांच्या अक्षरात: ‘पीटी सर ड्रेस. बिनकाजाचा शर्ट, पाठ नाही (पाठीचे पैसे कमी केले).’ काकांनी ते दोनदा वाचलं. हा खर्च कोणत्या खात्यात टाकू, असं त्यांचं म्हणणं. मनोरंजनाला सरांची सही लागते, जाहिरातीचं बजेट संपलेलं. बराच विचार करून त्यांनी लिहिलं, ‘कर्मचारी गणवेश’, आणि शिक्का मारता मारता मला विचारलं, “मग हे आता रोज घालून यायचं ना?”